बोटभर बाहेर आलेली वीट

सन २०२३. मी बहात्तर वर्षांचा होतो, पण गवंड्याची करणी सोडली नव्हती.

जालन्यात कारखान्यांच्या वस्तीत चौकोनी मनोऱ्याचं, लाल विटांचं चर्च हाय. त्याची भिंत तीस वर्षांखाली मी बांधली. इंजिनिअर म्हणला होता, गिलावा लावायचा न्हाई. मी म्हणलं, बिनगिलाव्याची भिंत असती का कुठं? एक वीट बोटभर बाहेर आली, ती गिलाव्यात झाकंल म्हणून तशीच सोडली. गिलावा कधी आलाच न्हाई. वीट मात्र मला टोचत राह्यली.

एका सांजेला ती काढायला छन्नी-हातोडा घेऊन गेलो. हात लावला तर वीट जराशी हालली. तेवढ्यात काठी टेकत एक आंधळा गडी आला. हा काय करून राह्यला, म्हणून मी बाजूला थांबलो. भिंतीवरून पंजा सरकवत तो त्या विटेपाशी आला, तिच्यावरून अंगठा फिरवला, आन मोजून चार पावलं टाकत बराबर दारात शिरला.

तो बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय हो, त्या विटेत काय हाय?"

"माझी खूण हाय, बाबा. बाकी भिंत यवढी सरळ, की हाताला काही लागतच न्हाई."

"गवंडी चुकला असंल."

तो हसला. "यवढी भिंत ओळंब्यात सरळ घेणारा एका विटेला चुकंल व्हय? मुद्दामच सोडली त्यानं."

मी छन्नी पिशवीत टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी घमेलंभर सिमेंटचा माल कालवून गेलो आन त्या विटेचे सांधे पक्के भरले.