याडीची वाट

"कुठं चालली बाई?" याडी विचारायची. "कुठं नाही, नुसती फिरायला," हे माझं उत्तर तिला कधीच पटलं नाही. "कुठं जायाचंच न्हाई, तर चालून काहून राहिली?" असा तिचा रोकडा सवाल. मी बदलीनं जवळा बाजारच्या शाळेत आले आणि तिच्या लेकाच्या घरात भाड्यानं राहिले. रक्तातली साखर वाढली होती, म्हणून डॉक्टरांच्या धाकानं पांढरे बूट घालून सडकेवर हात हलवत फिरायची. याडीला ते सोंग वाटे.

याडी म्हणजे आई. शब्द तिच्या तांड्यावरचा, पण आळीतले सगळेच तिला तसं म्हणत. तिच्या वाडवडलांनी बैलांवर धान्य लादून मुलूख पालथा घातला होता. ती दर बाजाराच्या दुसऱ्या दिवशी डोंगराकडच्या तांड्यावर थोरल्या बहिणीकडे पायी जायची. लेकाची मोटारसायकल दारातच असे. "गाडीवर बसलं की नुसता रस्ता दिसते. मुलूख न्हाई दिसत," ती म्हणे.

एकदा तिनं मला सोबत नेलं. काळ्या रानात ती चप्पल हातात घेई, चढणीला पाऊल आखूड करी. पायांकडे मात्र बघत नसे. नजर पळसांवर, पलीकडच्या टेकडीवर. कुठं थांबलीच तर एखाद्या झाडाला नुसता हात लावून पुढं निघे, घरातल्या म्हाताऱ्या माणसाची विचारपूस करावी तसा. मी बुटांना चिकटलेला चिखल ओढत मागून धापा टाकत होते. "पाय आपटू नको, ठेव," ती म्हणाली. "जिमीन काय तुझी सवत हाय?" इतकं सुंदर चालणारं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही.

त्या वाटेनं आता तिच्याशिवाय कुणीच जात नव्हतं. "पाय थांबले की वाट बुजती," ती म्हणे. म्हणून बहीण लेकीकडे गेलेली असली तरी याडी तांड्यापर्यंत जाऊन यायची. मी हसायचे.

मग एका उन्हाळ्याच्या शेवटी तिला तापानं गाठलं. ताप उतरला, पण सांधे धरले ते धरलेच. अंथरुणातून ती एकच विचारायची, "वाट हाय ना?" ऐन पावसाळ्यात काठी टेकत उठली आणि म्हणाली, "चल." नाल्याच्या पुढं गेलो आणि दोघी थांबलो. वाट नांगरून टाकलेली, वर गुडघाभर सोयाबीन. कडेनं चालायला बांधाचा धुरासुद्धा ठेवला नव्हता.

शेतमालक गणेश फवारणी सोडून आला. पोरगा भला. ओशाळून म्हणाला, "कोन येतं आता हितून, म्हनून ट्रॅक्टरवाल्याला सांगितलं नांगर म्हनून. तुमी जा ना याडी मधून. चार झाडं मोडली तर काय व्हतंय?"

"उभ्या पिकावर पाय देत न्हाईत, बापा," याडी म्हणाली आणि मागे वळली. परतताना पहिल्यांदाच ती पायांकडे बघून चालत होती. मला गणेशचा राग येईना, याडीचाही येईना, आणि त्यानंच जास्त रडू आलं.

दिवाळीआधी बहीण गेली. लेकानं याडीला मोटारसायकलवर बसवून सडकेनं तांड्यावर नेलं. सोयाबीन तोवर निघालं होतं. रान मोकळं होतं, पण पायात काही उरलं नव्हतं. परत आल्यावर मी विचारलं, "जाऊन आलात?"

"मी गेले न्हाई," याडी म्हणाली. "मला नेलं."

त्यानंतर ती ओट्यावर बसून असे. माझे बूट दिसले तरी कुठं चालली म्हणून विचारत नसे. थंडी सरायच्या आत तीही गेली. तांड्यावरच माती व्हावी ही तिची इच्छा होती. खांदेकरी पुष्कळ होते, पण सोयाबीनच्या जागी आता हरभरा उभा होता, खांद्यावरून न्यायला वाट नव्हती. टेम्पो बोलावला, सडकेनं.