बर्फाच्या गावात काढलेली दृष्ट

तुम्ही चहा घ्या सावकाश. तोवर मी परदेशात आमच्या घराण्याचं नाव कसं काढलं ते सांगते. लोक परदेशी जाऊन पदव्या आणतात, रेडिओ आणतात. मी एक अख्खं हॉटेल रिकामं केलं. बर्फात, तेही ऐन जेवणाच्या वेळी.

त्याचं असं झालं. बंगळूरला यशवंतपूरच्या पुढे, हे नोकरीला होते तो कारखाना. तिथे जपानी यंत्रं आली आणि ती शिकून घ्यायला ह्यांना वर्षभर जपानला पाठवायचं ठरलं. आमचा नंदू तेव्हा रांगत होता. मी म्हटलं, आम्ही दोघंही येणार. जयनगरच्या घरात पुष्कळ रुसवेफुगवे झाले. शेवटी सासूबाईंनी, त्यांना आम्ही सगळे अक्का म्हणतो, होकार दिला आणि त्याबरोबर हातात एक डबा दिला. त्यात मीठ, मोहरी आणि लाल मिरच्या.

"ब्याडगी नव्हेत हं," अक्का म्हणाल्या. "ब्याडगी नुसती रंगाला. या गुंटूरच्या आहेत. परका मुलूख, पोरावर कुणाची नजर पडेल सांगता येत नाही. दृष्ट काढत जा."

मी रसायनशास्त्र घेऊन बी.एससी. झालेली. मनातल्या मनात हसले. आणि डबा ट्रंकेत अगदी वरती, पटकन हाताला लागेल असा ठेवला.

जपानात ह्यांना यंत्रं शिकवणारे होते तानाकासान. बंगळूरला यंत्रं बसवायला आले तेव्हा सहा महिने राहून 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे ठीक, एवढं कन्नड शिकून गेले होते. एवढ्यावर बंगळुरात माणूस जन्म काढू शकतो. थंडीत चार दिवस सुट्टी मिळाली तेव्हा ते म्हणाले, "चला, आमच्याकडचा बर्फ बघायला. स्वल्प थंडी असते." बाकीचं इंग्रजीत, 'स्वल्प' तेवढा आपला.

त्या 'स्वल्प'वर मी कशी विश्वासले, देव जाणे. स्टेशनावर उतरलो तर माझ्या डोक्याहून उंच बर्फाच्या भिंती. गाव म्हणाल तर ना फार मोठं, ना अगदी लहान. दहा-पंधरा लाकडी खाणावळी, त्यांत वरती राहायच्या खोल्या, आम्ही अशाच एकीत उतरलो; एक डोंगर, त्यावर तारेला टांगलेल्या खुर्च्यांतून लोक वर जातात आणि पायांना लांब पट्ट्या बांधून घसरत खाली येतात. वर जायचं ते खाली घसरण्यासाठीच. मी ह्यांना म्हटलं, "यासाठी एवढा खर्च करतात?" हे म्हणाले, "बघ तरी." बघण्यासाठी मी पाचवारी साडीखाली गमबूट घालून उभी. घसरणारे लोक माझ्याकडे बघताना पडत होते.

माझ्याकडे एक वेळ बघितलं तर काही नाही. पण नंदूकडे! काळेभोर डोळे, जावळ कुरळं, गालाला काजळाची तीट. कॉलेजची मुलं, ऑफिसातल्या पोरी, म्हातारे, सगळे थांबून थांबून त्याचे गाल धरत होते. मी हसून मान लववत होते आणि मनात एक-एक नजर मोजत होते.

आणि दुसऱ्या दिवसापासून नंदू रडायला लागला.

साधं रडणं नव्हे. दूध घेईना, भात घेईना, अंगावर घेतलं की पाय झाडी. झोप लागली की दचकून उठे. दिवसभर हे चाललं. ताप म्हणावा तर अंग कोमट, पण तोंड लाललाल. डॉक्टर खालच्या गावात आणि बर्फ पडून रस्ता बंद, सकाळपर्यंत उघडणार नाही असं तानाकासान सांगून गेले. त्या एवढ्या उत्साही गर्दीत आपलं मूल आपण हातानं आणून ठेवलं, असं मला सारखं वाटत होतं.

"त्याला उकडत नसेल ना गं?" हे म्हणाले.

"बर्फात कुणाला उकडतं?"

"खोलीत शेगडी आहे."

"शेगडी आहे म्हणून तर तग धरलाय त्यानं. तुम्ही जाऊन जेवून या."

हे बिचारे खाली जेवायला गेले. मी नंदूला पाहिलं. अंगावर मलमलचं झबलं, त्यावर अक्कांनी विणलेले दोन स्वेटर, कानटोपी, शाल, आणि खाणावळीच्या मालकीणबाईंनी दिलेली गादीएवढी रजई. आईनं आणखी काय करायचं असतं, तुम्हीच सांगा.

उरलं होतं ते एकच. डबा काढला.

खोलीच्या मधोमध चिनीमातीची मोठी शेगडी, राखेत कोळसे पुरलेले. मी मीठ-मोहरी-मिरच्या मुठीत घेऊन नंदूवरून ओवाळल्या. "आल्यागेल्याची, दारच्या-शेजारच्याची, खुर्चीतून वर जाणाऱ्याची, घसरत खाली येणाऱ्याची…" रसायनशास्त्र त्या वेळी कुठे होतं ते विचारू नका. मूठ शेगडीत टाकली आणि वाट पाहिली.

आपल्याकडे ठाऊकच आहे. मिरच्यांचा खाट उठून ठसका लागला तर दृष्ट नव्हती. ठसका लागला नाही, तर लागलीय, आणि जबर लागलीय.

काही नाही. धूर नाही, वास नाही. मिरच्या राखेवर शांत पडून राहिल्या.

गुंटूरची मिरची आणि ठसका नाही? म्हणजे पोराला केवढी मोठी दृष्ट! मी आणखी एक मूठ ओवाळून टाकली. तरी काही नाही. मग मला रडूच आलं. मी डबा नंदूवरून तीनदा फिरवला आणि उपडा केला. आणि कसं सुचलं कोण जाणे, बाजूला पितळी चिमटा होता, त्यानं राख बाजूला सारून जोरात फुंकर मारली.

कोळसे तोपर्यंत राखेखाली होते, एवढंच. दृष्टीचा काही संबंध नव्हता.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. जपानी घरात भिंती कागदाच्या आणि दारं सरकती. धुराला अडवणारं असं काही नाहीच. आधी मी शिंकले. मग पलीकडच्या खोलीतले शिंकले. मग जिन्याखाली जेवायला बसलेले साठेक लोक एकदम खोकायला लागले. कुणीतरी 'आग' म्हणून ओरडलं असावं, कारण घंटा वाजू लागली आणि लाकडी जिन्यावर धडधड पावलं.

हे नाकाला रुमाल लावून आत आले. "काय पेटवलंस?"

"दृष्ट काढली."

"कुणाची? अख्ख्या जपानची?"

त्यांनी नंदूला उचललं. रजईत, शालीत, स्वेटरांत खाट बसलेला, पोर डोळे चोळतंय. म्हणून ह्यांनी ते सगळं सरासर ओढून तिथेच टाकलं आणि त्याला नुसत्या झबल्यावर, स्वतःच्या कोटात धरून खाली पळाले. मी मागून ओरडतेय, "अहो, थंडी!" पण ओरडायलाही श्वास पुरेना.

बाहेर अंगणात सगळी खाणावळ उभी. अंगात सुती झगे, पायांत लाकडी चपला, काहींच्या हातात अजून भाताचे वाडगे. सगळे रडत होते. आणि एक आवाज येत नव्हता.

नंदूचा.

तो ह्यांच्या कोटाच्या फटीतून तोंड काढून त्या रडणाऱ्या माणसांकडे बघत होता. मग हसला. मी झबलं वर केलं तर पाठ, पोट, मानेचा खळगा, सगळीकडे घामोळं. उन्हाळ्यात सोलापूरला येतं तसलं. बर्फाच्या डोंगरात, आईच्या कृपेनं.

"ठसका केवढा लागला," हे खोकत म्हणाले. "म्हणजे दृष्ट नव्हतीच म्हणायची."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं, पण धरणी सहा फूट बर्फाखाली होती. ह्यांच्या नोकरीचं काय, कारखान्याच्या नावाचं काय, हे सगळं आता सुचायला लागलं. एवढ्यात खाणावळीच्या मालकीणबाई गर्दीतून आल्या. साठीच्या, ठेंगण्या, डोळ्यांतून पाण्याच्या धारा. आता बोलणी बसणार म्हणून मी मान खाली घातली. तर त्याच कमरेत वाकल्या.

"काय म्हणतात?" मी तानाकासानना विचारलं.

"त्या क्षमा मागतात. खोली गरम ठेवताना बाळाला त्रास झाला म्हणून."

आता सांगा, काय करायचं? मीही वाकले. त्या आणखी वाकल्या. मी त्याहून खाली. हॉटेल मी रिकामं केलं आणि क्षमा त्या मागतात. हे थांबलं ते नंदू भुकेनं ओरडला म्हणून. त्या बाईंनी स्वतः आत जाऊन, नाकाला फडकं बांधून, त्याच्यासाठी मऊ भाताची पेज आणली. त्यानं वाडगाभर खाल्ली. मी तिथे बर्फात उभी राहून ढसाढसा रडले. पण सगळेच रडत असल्यामुळे ते कुणाला कळलं नाही.

तेवढ्यात तानाकासाननी ह्यांच्याकडून ऐकून, मी मीठ ओवाळलं हे बाकीच्यांना सांगितलं. तशी माणसं एकदम सैल झाली. तिकडेही वाईट टळावं म्हणून मीठ शिंपडतात म्हणे. "मीठ सरी," तानाकासान मला म्हणाले, "मिरची स्वल्प." एका कॉलेजच्या मुलानं आपला मफलर माझ्या गळ्यात घातला. एवढ्या लोकांत एक शब्द कुणी कडू बोललं नाही. मी आजही त्या अंगणाची आठवण झाली की हात जोडते.

निघायच्या दिवशी मालकीणबाई स्टेशनापर्यंत आल्या. नंदूच्या हातात कापडी बाहुली दिली, माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि बराच वेळ काहीतरी बोलल्या. आवाज इतका मायेचा की मी पुन्हा पदर डोळ्यांना लावला.

"तानाकासान, काय म्हणतात त्या?"

तानाकासान थोडे घुटमळले. मग म्हणाले, "त्या म्हणतात, तुम्ही पुन्हा अवश्य या. पण उन्हाळ्यात या. तेव्हा सगळ्या खिडक्या उघड्या असतात."