दिलासच कशाला?

बँकेत पासबुक भरून घेत होतो. शेजारच्या खिडकीशी एक आजी आणि त्यांचा मुलगा उभे होते. फोनवरच्या भामट्याने आजींचं खातं रिकामं केलं होतं. "लगेच कळवलं असतंत तर रक्कम अडवता आली असती," क्लार्कबाई म्हणाल्या.

मुलगा सगळ्या बँकेला ऐकू जाईल असा ओरडला, "ओटीपी दिलासच कशाला? आणि इतके दिवस तोंड शिवलं होतं का?"

"तो आई म्हणत होता रे मला," आजी पुटपुटल्या. "आणि तू असाच ओरडशील, हे ठाऊक होतं."

मी हिशेबी माणूस. भामट्याने नेलं ते चोरीच्या खात्यावर लिहीन. पण या धाकापायी जे बुडालं, ते कोणाच्या नावावर टाकायचं? 'दिलासच' मधला तो 'च' आपण म्हाताऱ्या माणसांसाठीच राखून ठेवलाय. 'चोरलंसच कशाला' असं चोराला कोणी विचारत नाही.

क्लार्कबाईंनी आवाज खाली आणला. "आजी, आणखी कुठल्या खात्याची माहिती दिलीत का त्याला? आत्ता सांगितलंत तर ते खातं वाचेल."

आजींनी आधी मुलाकडे पाहिलं.

"नाही," त्या म्हणाल्या.