ईदच्या दिवशी कामावर

मिलच्या सुट्ट्यांचा तक्ता जानेवारीतच फाटकावर लागायचा, आणि त्यात ईदचीही तारीख असायची. तो तक्ता चंद्राला कोण दाखवणार, हे कुठल्या साहेबाने कधी सांगितलं नाही.

माझ्या शेजारच्या साच्यांवर याकूब चौगुले वीस वर्षं कापड विणत होता. त्या वर्षी चंद्र एक दिवस उशिरा दिसला. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी बिचारा भोईवाड्यातल्या खोलीत तिसावा रोजा धरून बसला, आणि ईदला कामावर हजर! रजा मागणार कुठून? सगळ्या रजा माझ्याबरोबर संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्यांत संपल्या होत्या.

सकाळी तासभर त्याचे दोन्ही साचे मी सांभाळले. नमाज पढून तो आला, अत्तर लावलेला नवा सदरा खिळ्याला टांगला आणि जुनी बंडी चढवली. मी चिडलो, "अरे, साहेबाशी भांड तरी!"

"उद्या भांडू, महादेव. आज ईद आहे."

दुपारी त्याची बायको जैनब फाटकावर शिरखुर्म्याचा डबा देऊन गेली. याकूबने आधी आम्हा सहाजणांच्या वाट्या भरल्या. मग महिनाभर आम्ही जेवताना तो ज्या भिंतीशी बसायचा, तिथेच जाऊन टेकला आणि बसल्या बसल्या झोपला. उठवायला माझं मन होईना. त्याची वाटी मी झाकून ठेवली.

भोंगा झाला तसा तो दचकून उठला. मी वाटी पुढे केली. त्याने ती हाताने बाजूला सारली.

"नको रे, रोजा आहे," म्हणाला, आणि साच्यांकडे चालू लागला.