पोरीचं बीजगणित आणि माझं वैर

मी चौथीत बसलो आणि तिथूनच उठून धानाच्या बांधीत उतरलो. त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर चुकू द्या. गोष्ट चुकणार नाही, ती मी रागानं जपून ठेवली आहे.

ऐंशी सालाच्या आसपासची. आमचं गाव लाखनीच्या बाजूला. पोरगी मॅट्रिकला बसली, बाकी सगळ्या विषयांत निघाली आणि बीजगणितापायी गणितात नापास झाली. माझ्या मोठ्या भावाचं म्हणणं पडलं की शाळा पुरे झाली, धान कापून झालं की लग्न उरकू. मी त्याच्याकडून ऑक्टोबरच्या परीक्षेपर्यंत सवड मागून घेतली. पोरीला मास्तरीण व्हायचं होतं.

गुणपत्रिका आणायला दोघं शाळेत गेलो. बीजगणित शिकवणारे जुने गुरुजी वऱ्हांड्यात तंबाखू मळत उभे होते, आजूबाजूला इतर पोरांचे बाप. मी विचारलं की ऑक्टोबरसाठी काय करावं. त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

“हिच्या मेंदूतच गणित नाही. तुमच्या घरात कोणाच्या होतं? रोवणीचे दिवस आले, तिकडं लावा.”

लोक हसले. मी गुणपत्रिका घेतली आणि पोरीला घेऊन निघालो. रस्त्यात पोरगी म्हणाली, “बाबा, मी नाही बसत आता. सर बराबरच म्हणून राहिले.”

गुरुजींच्या बोलण्यानं लागलं नव्हतं तेवढं हे लागलं. तिला ते पटलं होतं.

“तू बसशीन अन् पास होशीन,” मी म्हटलं. “मंग त्याले मी पाहातो.”

त्या वर्षी शाळेत एक नवीन बाई आल्या होत्या. शिकलेलं मेंदूत कसं टिकतं याचं प्रशिक्षण त्या भंडाऱ्याला घेऊन आल्या होत्या आणि त्यावरून त्यांनी नापास पोरांसाठी सकाळचा वर्ग काढला. गुरुजी त्याला कोंडवाडा म्हणत. पोरीला मी त्यातच बसवलं. माझ्या कानावर एवढंच आलं की हे मेंदूचं शास्त्र आहे. मला वाटलं, औषधपाण्यासारखं काही असणार. बाजाराच्या दिवशी बकऱ्याचा भेजा आणला आणि मिरं घालून पोरीला खाऊ घातला. तीन-चार बाजार हेच चाललं. मग बाईंनाही डबा घेऊन गेलो, म्हटलं शिकवणाऱ्याला तर जास्तच लागत असेल. बाईंनी झाकण उघडलं आणि हसता हसता खुर्चीत बसल्या.

“काकाजी, मेंदूचं शास्त्र म्हणजे मेंदू खायचा नसतो.”

मग त्यांनी नीट समजावलं. नवीन गोष्ट डोक्यात एका वेळी थोडीच मावते. गुरुजी फळा वरपासून खालपर्यंत भरतात आणि पुसतात, पोरांची पहिली ओळ बसायच्या आत शेवटची येते. बाई एकच पायरी देत, ती करून घेत, मग फळा झाकून आठवायला लावत. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारत, आठवड्यानं पुन्हा. आठवायला जो जोर लागतो त्यानंच शिकलेलं पक्कं होतं, म्हणाल्या. आणि डोक्यात भीतीनंच ठाण मांडलं तर तिथं गणित उभं कुठं राहणार? झोपही पुरी पाहिजे, पोरीला रोवणीत थकवू नका.

मी एवढंच विचारलं, “याच्यानं त्या मास्तरची जिरन काय?”

“ते मला माहीत नाही. पोरगी पास होईल.”

“मंग एकच झालं,” मी म्हटलं.

आमच्याकडं नांगर आणि चिखल माणसाचा, रोवणी बाईची. पोरीला मी रोवणीला जाऊ दिलं नाही, तिच्या जागी बायकांच्या रांगेत स्वतः वाकलो. गावानं असं कधी पाहिलं नव्हतं. “भाऊजी, लुगडं आणू काय तुमच्यासाठी?” माझी वहिनी म्हणाली आणि अख्खी बांधी हसली. मी मान वर केली नाही. धानाचं एकेक रोप चिखलात दाबताना गुरुजींची मान दाबतो आहे असं मनात धरलं. खरं सांगतो, हात जराही दुखले नाहीत.

संध्याकाळी पोरगी पाटीवर गणित सोडवी आणि मी तिची वही मांडीखाली दाबून बसे. त्यातलं मला काही कळत नव्हतं, पण तिला पाहू द्यायचं नाही एवढं कळत होतं. आधी ती रडे. पुढं पुढं स्वतःच थांबे, “चिन्ह चुकलं, बाबा,” म्हणे आणि पुसून पुन्हा करी.

ऑक्टोबरच्या परीक्षेत ती पास झाली. निकाल लागला त्या दिवशी गुणपत्रिका घेऊन मी सरळ गुरुजींच्या वर्गाच्या दारात उभा राहिलो. त्यांनी कागद पाहिला, परत दिला. “ऑक्टोबरचा पेपर सोपाच असतो,” म्हणाले आणि फळ्याकडं वळले. भावानं लग्नाचा विषय सोडला, घरात सगळे खूश होते, पण माझा आनंद नासला तो नासलाच.

पुढच्या जूनमध्ये गुरुजींची स्वतःची पोरगी बीजगणितात गेली. त्या दिवशी मी घरी गोड करायला लावलं, खोटं कशाला लिहू. बाईंची तोवर बदली झाली होती. दोन-चार दिवसांनी गुरुजी आमच्या अंगणात आले, खाटेच्या कडेवर बसले, पावसाचं बोलले, तलावाच्या पाण्याचं बोलले. मग म्हणाले की तुमच्या मुलीनं आमच्या मुलीला बाईंसारखं शिकवलं तर बरं होईल.

“शिकवन ना,” मी म्हटलं. “पह्यले शाळेच्या वऱ्हांड्यात चला. मी माणसं जमवतो. त्यायच्यापुढं म्हणा, मी चुकलो.”

गुरुजी उठले. चपला घालत होते तेवढ्यात माझी पोरगी आतून बाहेर आली.

“सर, मी येते उद्यापासून.”

मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही. एवढं जपलेलं वैर तिनं फुकटात वाटून टाकलं होतं. शेवटी राहवेना, विचारलं की तू शिकवते तेव्हा मास्तर कुठं असते.

“पोरीच्या बाजूले बसते,” ती म्हणाली. “मीच बसवलं. म्हटलं, सर, तुमीबी करून पाहा, पुढच्या पोराईले कामी पडन.”

दुसऱ्या दिवशी काही काम नसताना मी गाडी जुंपली आणि गुरुजींच्या घरावरून नेली. ओसरीवर फळा झाकलेला होता, पोरगी उभी होती, आणि गुरुजी आपल्या लेकीशेजारी चटईवर बसून पाटी हातात घेऊन आठवत होते. मी बैल थांबवले. शिकवणं संपेपर्यंत तिथंच बसून पाहिलं. त्यांनी एकदा माझ्याकडं पाहिलं आणि डोळे पाटीवर वळवले. मी नजर काढली नाही.