कात्री का थांबली

गल्लीच्या टोकाच्या सलूनवाल्याला सगळे 'बारीक' म्हणत. गिऱ्हाईक खुर्चीत टेकायच्या आत तो "बारीक की मध्यम?" असं विचारी आणि उत्तर काहीही आलं तरी बारीकच कापी. त्याची कात्री मात्र कधी गप्प नसे. केसांतून बाहेर काढली तरी बोलता बोलता ती हवेतच चिकचिक चालू राही.

कोपऱ्यातल्या बाकावर त्याचा थोरला भाऊ, दादा, बसलेला असे. दादा लष्करात वायरलेसवर होता. सुरुंगाच्या स्फोटात दोन्ही डोळे गेले, डाव्या हाताची तीन बोटंही गेली, त्याला नऊ वर्षं झाली. डोळ्यांचं काम कानांनी अंगावर घेतलं होतं. चपलेच्या आवाजावरून तो माणूस ओळखी, आणि कोणाच्या घरी काय शिजतंय हे त्या घराच्या आधी त्याला कळे. सकाळच्या दाढीपासून रात्री ताटात भाजी कुठे आणि भात कुठे हे सांगेपर्यंत त्याचं सगळं बारीकच बघे. बारीकची बायको केव्हाच वारली होती, आणि लेक लग्न होऊन चौदा तासांच्या प्रवासावर गेली होती. तिची मुलगी आठ महिन्यांची झाली तरी आजोबांनी नात पाहिली होती ती फोनवर, तीही बहुतेक वेळा नुसतं कपाळ.

अशात एका दुपारी सरकारी पाहणीवाल्या बाई आल्या. जखमी माजी सैनिक आणि त्यांची देखभाल करणारे, दोघांचं बरं चाललंय का, याचा अभ्यास चालू होता. प्रत्येक प्रश्नाला एक ते पाच गुण. देखभाल करणारा फार थकलाय असं दिसलं, तर सैनिकाला पंधरा दिवस सरकारी केंद्रात ठेवायचं आणि दोघांना काय फरक पडतो ते बघायचं. हे ऐकताच बारीकच्या डोळ्यांपुढे एक कपाळ आलं.

पंचाईत एवढीच की प्रश्न एकट्याला विचारायचे होते. दादा म्हणाला, एवढ्या उन्हात मी कुठे जाऊ, कानात बोटं घालतो. आणि घातलीही. डाव्या हाताला दोनच उरली होती, पण कानाला एक पुरतं.

खुर्चीत शिंपीबुवा होते, अर्धं डोकं कापलेलं.

"फार थकवा येतो का?" बाईंनी विचारलं.

"छे हो, कसला थकवा," बारीक ठणकावून म्हणाला, आणि उजव्या हाताची पाचही बोटं वर केली.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, दादाकडे पाहिलं आणि मुकाट्याने पाच लिहिले. स्वतःसाठी वेळ मिळतो का, यावर त्याने वेळच वेळ असल्याचं सांगितलं, आणि बोटाने नन्नाचा पाढा वाचला. भावावर चिडचिड होते का? दादावर कोण चिडेल, असं म्हणून त्याने क्षणभर विचार केला आणि चार बोटं दाखवली. माणूस शेवटी प्रामाणिक. आरशात हे सगळं बघत शिंपीबुवा चादरीखाली गदगदत होते.

"शेवटचा प्रश्न. पंधरा दिवस सुट्टी दिली तर घ्याल?"

बारीकचा हात अर्धा वर जाऊन तिथेच अडकला. इतका वेळ फक्त थकवा दाखवायचा होता. आता दादाला घराबाहेर पाठवायचं होतं.

दादाने कानातली बोटं काढली. "बाई, पाच लिहा."

"दादा, तू..."

"दर उत्तराला तुझी कात्री बंद पडत होती. एरवी तू बोलत असलास तरी ती कधी थांबत नाही. म्हटलं, याचा उजवा हात कुठे गुंतलाय?"

बारीक खाली बघू लागला. दादा बाईंकडे वळला. माझाही कागद असेलच, म्हणाला, त्यात लिहा की नऊ वर्षं याचे तेच चार विनोद ऐकून मलाही पुरा पाच थकवा आलाय. मग केंद्रात रेडिओ आहे का, अशी चौकशी केली. दोन आहेत, बाई म्हणाल्या.

"मग मलाच आधी न्या." आणि भावाला हळूच म्हणाला, "आणि तू जा. कपाळ सोडून बाकीची पोरगी कशी आहे ते नीट बघ. मला सांगता आलं पाहिजे."

बारीकने नाक ओढलं, "हो" म्हणाला आणि घाईघाईने कात्री उचलून शिंपीबुवांकडे वळला. एकदाच 'चिक' झालं, मग सगळं शांत.

"शिंपीबुवा," दादा बाकावरून म्हणाला, "डावा कल्ला गेला वाटतं."