साळवेबाईंची शेवटची यादी

साळवेबाई कुठल्याही खुर्चीवर स्वतः दहा मिनिटं बसल्याशिवाय तिला नंबर देत नसत. आमचं ऑफिस वाघोलीच्या अलीकडे, तीन मजल्यांचं, खुर्च्या शेकड्यांनी. तरी बाई रोज सकाळी हातात पॅड घेऊन निघायच्या आणि एकेका जागेवर शांतपणे बसायच्या. नवीन लोकांना वाटायचं, बाईंना काम नाही.

लॉकडाउननंतर लोक आठवड्यातून दोन-तीन दिवसच ऑफिसात येऊ लागले. तेव्हा कंपनीने ठरवलं की आता कुणाचीच कायमची जागा नाही. आदल्या दिवशी मोबाइलवरून टेबल किंवा खोली बुक करायची आणि यायचं. त्या सॉफ्टवेअरला लागणारी सगळी यादी करण्याचं काम माझ्याकडे आणि ऑफिसची व्यवस्था पाहणाऱ्या साळवेबाईंकडे आलं. मी बाळंतपणाच्या रजेवरून नुकतीच परतले होते आणि बाईंच्या निवृत्तीला तीन महिने उरले होते.

सॉफ्टवेअर कंपनीच्या माणसाने बिल्डरचा नकाशा थेट चढवायचं सुचवलं. बाई म्हणाल्या, "नकाशावर ऊन पडत नाही." ते खरंच होतं. पश्चिमेच्या खिडकीशी चार वाजता स्क्रीनवर काही दिसत नसे, एका टेबलाचा प्लग नुसता शोभेचा होता आणि एक जागा नकाशात चक्क खांबाच्या आत होती. बाईंनी ती खोडली आणि शेरा मारला, "खांबात बसणारा कर्मचारी अद्याप भरती झालेला नाही." कंपनी कोथरूडच्या फ्लॅटमध्ये चार संगणकांवर चालायची तेव्हा बाई टेलिफोनवर बसायला लागल्या. तेव्हापासून त्यांच्या जागा-सामानाच्या रजिस्टरात एकही चूक कुणाला सापडली नव्हती आणि त्याचा त्यांना भारी अभिमान होता.

फक्त एक नोंद खोटी होती, आणि ती मला माहीत होती. तिसऱ्या मजल्याच्या टोकाला एक छोटी खोली होती. नकाशात ती चौघांची मीटिंग रूम, बाईंच्या रजिस्टरात 'स्टोअर'. आत एक बुटकी खुर्ची, पडदा, छोटा फ्रिज आणि आतून कडी. तान्ही मुलं घरी ठेवून आलेल्या आम्ही बायका तिथे दूध काढून ठेवायचो. अकरा वर्षांपूर्वी एक मुलगी हे काम स्वच्छतागृहात बसून करताना बाईंनी पाहिलं होतं. त्यांनी तेव्हाच्या साहेबांकडे खोली मागितली, साहेब 'बघू' म्हणाले. बाईंनी त्याच आठवड्यात तिथले मोडके कीबोर्ड हलवले, कुलूप लावलं आणि चावी स्वतःकडे ठेवली. मीही दिवसातून दोनदा ती मागायला जात असे.

आता प्रत्येक खोली यादीत जाणार होती. मी माझी अक्कल चालवून म्हटलं, स्टोअर म्हणूनच राहू द्या, कोण बघायला येणार आहे? बाईंनी पेन खाली ठेवलं.

"मी गेल्यावर चावी कुणाकडे?"

आणि त्याच पुढे सांगू लागल्या.

"नवा माणूस येईल, स्टोअर म्हणून उघडेल आणि आत खोकी भरेल. त्याची चूक नसेल. माझे वडील म्हणायचे, तोंडी मिळालेलं तोंडी जातं, लेखी मिळालेलं आपलं असतं. आणि खरं सांगू? चावी मागताना तुम्ही सगळ्या खाली बघता. मला ते कधी आवडलं नाही."

बाईंचे वडील विदर्भातून कारखान्यात कामाला पुण्यात आले होते. लेखी हक्काची किंमत त्या घरात शिकवावी लागली नव्हती. पण ती खोली खऱ्या नावाने लिहायची, तर अकरा वर्षं खोट्या नोंदीखाली सह्या केल्याचं कबूल करावं लागणार होतं. जाता जाता एवढ्या वर्षांच्या नावाला बट्टा लागला असता. मी म्हटलं, निवृत्तीनंतर सांगा. त्या म्हणाल्या, "निवृत्तीनंतर माझी सही चालत नाही."

नवे ऑफिसप्रमुख वाईट नव्हते, पण नियमाचे पक्के. आम्ही दोघी यादी घेऊन गेलो तेव्हा ही खोली कुणाच्या परवानगीने, असं त्यांनी विचारलं. बाई म्हणाल्या, "कुणाच्याच नाही. रजिस्टरात खोटं लिहिलंय आणि ते मीच लिहिलंय." साहेबांनी मग विचारलं, ही खोली नक्की वापरात आहे याला पुरावा काय? साळवेबाईंनी एकाही बाईचं नाव घेतलं नाही, माझ्याकडे नजरही टाकली नाही. मी टेबलाकडे बघत होते. मला माझीच लाज वाटली. मी मान वर करून म्हटलं, "सर, मी वापरते. रोज दोनदा."

खोली मंजूर झाली आणि बाईंना लेखी ताकीद मिळाली. त्यांनी ते पत्र दोनदा वाचलं आणि तारीख चुकली आहे म्हणून दुरुस्तीला परत पाठवलं. दुरुस्त पत्र घरी नेऊन त्यांनी बिबवेवाडीतल्या बुद्धविहारात येणाऱ्या मैत्रिणींना बक्षिसासारखं दाखवलं, हे मला त्यांच्या मुलीने निरोप समारंभात सांगितलं. खोलीला नाव द्यायची वेळ आली तेव्हा कुणी 'वेलनेस रूम' सुचवलं. बाई म्हणाल्या, "वेलनेस म्हणजे काय ते कळेपर्यंत बाळ शाळेत जाईल." यादीत 'आईची खोली' असं लिहिलं गेलं आणि त्याखाली त्यांची शेवटची सही झाली.

परवा रजेवरून परतलेली एक मुलगी माझ्या टेबलापाशी आली आणि हळू आवाजात विचारू लागली की त्या खोलीसाठी कुणाला विचारावं लागतं. मी म्हटलं, कुणालाही नाही, यादीत आहे. तिने तिथेच उभ्या उभ्या मोबाइलवर अकराची आणि चारची वेळ घेतली आणि कामाला निघून गेली. साळवेबाई कोण, हे तिला माहीत नव्हतं. माहीत असायची गरज उरू नये, एवढ्यासाठीच तर बाईंनी ती ताकीद घेतली होती. मला मात्र त्यांचं नाव सांगितल्याशिवाय राहवत नाही.